काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

आधी मला वाटलं, मॉनिटर बिघडलाय.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं आणि फ्लेक्स डिझाईनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, जयंतीचे, जत्रेचे, दुकानांच्या पाट्या, सगळं करायचे. या कामात रंगासाठी माझं नाव होतं. घोडनदीच्या पुलापलीकडची माणसंसुद्धा यायची आणि म्हणायची, "ताई, निळा तुमच्यासारखा कुणाला जमत न्हाई."

त्या दुपारी एक आबा बिरोबाच्या जत्रेचा फ्लेक्स करून घ्यायला आले होते. मागं भंडाऱ्याचा पिवळा, वर लाल अक्षरं. मी लाल घेतला तर तो विटकरी दिसायला लागला. अजून वाढवला, तरी विटकरीच. आबा माझ्या मागं उभे होते.

"पोरी, लई भडक केलंस की. डोळ्यात घुसतंय."

"आबा, मला तर विटेवानी दिसतंय."

"व्हय? मग तुझं मशीन बिघडलं असंल."

मी केबल बदलून घेतली. संध्याकाळी माझे मिस्टर, मिलिंद, रांजणगावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून दुकानावर आले. त्यांना स्क्रीनपुढं उभं केलं. ते म्हणाले, "मॉनिटर चांगला हाय. लाल लालच दिसतोय."

मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. लाल अक्षरं राखेसारखी झाली. मग डावा डोळा झाकला. थोडा रंग आला, पण तोही माझ्या ओळखीचा लाल नव्हता. डोळा फिरवला की आत कळ यायची. ती दोन-तीन दिवसांपासून येत होती, पण स्क्रीनपुढं बसणाऱ्या बाईचे डोळे दुखायचेच, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. हे वाचणाऱ्या कुणाला अशी कळ येत असेल आणि रंग फिके वाटत असतील, तर आधी केबल बदलत बसू नका. डॉक्टरकडे जा. एवढ्यासाठी जरी हे लिहिलं तरी खूप झालं.

बाटलीचं झाकण

शिरूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण माझ्यापुढं धरलं. एकदा एका डोळ्यापुढं, एकदा दुसऱ्या.

"किती लाल दिसतंय?"

मी सवयीनं सांगून गेले, "लालमधला मॅजेंटा निम्मा झालाय सर, आणि वरून काळा मिसळलाय."

डॉक्टर हसले नाहीत. झाकण टेबलावर ठेवून त्यांनी मिलिंदकडं पाहिलं. "यांना आजच पुण्याला घेऊन जा. उद्यावर टाकू नका."

पुण्याला जाताना शिक्रापूरला नेहमीसारखी ट्रकची रांग लागली होती. पुढच्या ट्रकचे मागचे दिवे लागत आणि विझत होते. ते मला तपकिरी दिसत होते. मी ते मिलिंदना सांगितलं नाही. स्टेअरिंगवरची त्यांची बोटं सारखी हलत होती, ते मात्र दिसलं.

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. डोळ्यांमागून मेंदूकडं जाणारी नस सुजली होती, दोन्ही बाजूंची. तिथल्या डॉक्टर मॅडमनी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसून सांगितलं, "दिसणं बऱ्यापैकी परत येतं. किती येईल ते आज मला सांगता येणार नाही."

मी विचारलं, "आणि रंग?"

त्या म्हणाल्या, "रंग सगळ्यात शेवटी येतात. कधीकधी पूर्ण येत नाहीत."

मिलिंद म्हणाले, "रंगाचं सोडा हो मॅडम, दिसू द्या म्हंजी झालं." त्यांचं बरोबरच होतं. तरी मला त्या क्षणी त्यांचा राग आला. तो राग बराच काळ माझ्यात राहिला.

वॉर्डात

पुढच्या दोन दिवसांत नजरेच्या मधोमध धुकं साचलं. ज्याच्याकडं बघावं तेच नाहीसं व्हायचं. माणसाचे खांदे दिसायचे, केस दिसायचे, चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. दाराची चौकट दिसायची, दारात कोण उभं आहे ते दिसायचं नाही.

रोज सकाळी सलाईनमधून औषध जायचं. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची. भूक राक्षसासारखी लागायची आणि चेहरा सुजायचा. साखर बघायला बोटं टोचायचे. हे सगळं सहन होतं. सहन न होणारी गोष्ट म्हणजे अचानक कुणीतरी अंगाला हात लावायचं. माणूस जवळ आलेलं कळायचंच नाही, एकदम दंडावर गार बोट. तिथं एक सिस्टर होत्या, त्या मात्र पलंगापासून लांबूनच बोलायला सुरुवात करायच्या. "सुजाताताई, मी येतेय हं. आता डावा हात धरणार आहे." एवढं एक वाक्य. मी त्यांचा चेहरा कधी नीट पाहिला नाही. पुढं तपासणीला गेले तेव्हा त्या दुसरीकडं बदलून गेल्या होत्या.

मला अंधाराची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. आमची मुलगी प्रज्ञा तेव्हा नववीत होती. त्या वयातल्या पोरींचा चेहरा सहा महिन्यांत बदलतो. मला वाटायचं, हा चेहरा असाच डागामागं राहिला आणि ती मोठी झाली, तर माझ्याजवळ नववीतलीच प्रज्ञा राहील. ती भेटायला आली की मी तिच्याकडं सरळ बघायचे नाही. भिंतीकडं बघायचे, म्हणजे डोळ्याच्या कडेनं ती थोडी दिसायची. तिला वाटलं, मम्मी तोंड फिरवते. ती हळूहळू गप्प झाली. हे मला फार उशिरा कळलं.

दौंडहून माझे वडील यायचे, सकाळच्या गाडीनं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आयुष्यभर रेल्वेत होते, दौंड जंक्शनला. लाल-हिरव्या झेंड्यांत आणि दिव्यांत त्यांची सगळी नोकरी झाली. ते पलंगाजवळच्या स्टुलावर बसायचे. एकदा म्हणाले, "आमच्यात डोळे तपासायचे मधूनमधून. ठिपक्याठिपक्याची चित्रं दाखवायचे, त्यातला आकडा वळखायचा. माझ्याबरोबरच्या एकाला कवातरी वळखू आला न्हाई. त्याला हापिसात बसवला. पगार तोच. पर रोज दुपारी फलाटावर येऊन उभा ऱ्हायचा."

"मग काय झालं त्याचं आप्पा?"

"काय न्हाई. रिटायर झाला." थोड्या वेळानं म्हणाले, "लाल परत येईल का न्हाई ते मला म्हाईत न्हाई, बाळा. पर मी रोज इचारीन."

आणि खरंच, घरी आल्यावर रोज फोन. बाकी काही विचारायच्या आधी, "आज लाल कसा हाय?"

पांढरा पडदा

धुकं विरलं, पण पूर्ण नाही. डाव्या डोळ्यात मधोमध थोडं राहिलंच. चेहरे परत आले, फिके, धुतलेल्या कपड्यासारखे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, प्रगती चांगली आहे. गावातले म्हणाले, देवाची कृपा, बरी झाली. मलाही वाटलं, बरी झाले. म्हणून एका सकाळी दुकानाचं शटर वर केलं, कॉम्प्युटर लावला.

पांढरा पडदा उघडला आणि मी डोळे मिटून घेतले. भर उन्हात पत्र्याच्या छपराकडं बघावं तशी तिडीक. त्या पांढऱ्यात अक्षरं होती, पण करडी, बुडालेली. कर्सर तर सापडेचना. माऊस हलवत राहिले, बाण कुठं गेला कळेना. वीस वर्षं ज्या खुर्चीत मी डोळे झाकूनसुद्धा काम करीन असं सगळे म्हणायचे, तिथं बसून मी रडले.

मग गरमीचा एक प्रकार कळला. चुलीवर नाही, साध्या गॅसपुढं भाकरी थापत उभी राहिले तरी नजर मंदावायची. उन्हातून चालत आले की पुन्हा धुकं. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, आजार उलटला. तसं नसतं. अंग थंड झालं की नजर परत येते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती एक दुपार वाचली असती.

एक दिवस मिलिंद एका माणसाला घेऊन दुकानात आले. तो माणूस भिंती बघत होता, मशीनला हात लावत होता.

"कोण हे?"

"दुकान बघायला आलेत. चालवायला देऊ म्हटलं कुणालातरी."

तो गेल्यावर आमचं जोरात वाजलं. ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांपरास दुकान मोठं हाय का?" मी म्हणाले, "तुम्हाला वाटतं मी आता नुसती खाटेवर बसावी." ते म्हणाले, "मी असं कवा म्हटलं?" मी म्हणाले, "म्हटलं न्हाई, माणूस आणला." शेजारच्या टेलरनं शिलाई मशीन थांबवलेलं ऐकू आलं. नंतर आम्ही चार दिवस कामापुरतं बोललो.

पाचव्या दिवशी दुकानात शिरताना पायाखाली काहीतरी चमकलं. दुकानाच्या दोन पायऱ्या आहेत. मी तिथं दोनदा धडपडले होते. पायऱ्यांच्या काठावर पिवळी-काळी चिकटपट्टी लावलेली होती, कंपनीत मशीनभोवती लावतात तसली. काठ लांबून दिसत होता. मिलिंदनी बाजारातून आणून सकाळी शिफ्टला जायच्या आधी लावली होती. त्या रात्री त्यांना जास्तीची भाजी वाढली. दुकान बघणारा माणूस पुन्हा आला नाही.

तीन बटणं

पुण्याच्या हॉस्पिटलात कमी दिसणाऱ्यांसाठी एक खोली आहे. तिथल्या मॅडमना स्वतःलाच लहानपणापासून कमी दिसतं. त्यांनी केसपेपर नाकाला लावून माझं नाव वाचलं तेव्हा मला उगीच लाज वाटली, आणि मग बरंही वाटलं.

"काम काय करता?"

"कॉम्प्युटरवर. करत होते."

"इथे बसा. डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि वरचं प्रिंट स्क्रीन. तिन्ही एकदम दाबा."

टूं असा आवाज आला. पडद्यावर एक चौकट आली, त्यांनी एंटर दाबायला सांगितलं. आणि सगळा पडदा काळा झाला. पांढरं सगळं गेलं. काळ्यावर अक्षरं उभी राहिली, काठ असलेली, स्वच्छ. मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. काय लिहिलं होतं ते आज आठवत नाही, बहुतेक हॉस्पिटलच्या वेळा होत्या. मी त्या मोठ्यानं वाचत सुटले. मॅडम म्हणाल्या, "वाचा, वाचा. सगळेच असं करतात."

ही तीन बटणं माझ्या दुकानात वीस वर्षं होती. मधे एकदा गिऱ्हाइकाच्या लेकरानं ती दाबली आणि पडदा काळा झाला, तेव्हा मी व्हायरस आला म्हणून घाबरले होते.

शिरूरला येऊन रविवारी प्रज्ञाला दुकानात शेजारी बसवलं. पडद्याचे रंग बदलणाऱ्या तयार थीममध्ये हिरवा, जांभळा असे रंग होते, ते मला काही कामाचे नव्हते. सेटिंगमध्ये एकेक रंग आपल्याला ठरवता येतो: मागचा, अक्षरांचा, लिंकचा, निवडलेल्या ओळीचा, बटणाचा. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी एका स्क्रीनपुढं होतो.

"मम्मी, मागं काळाच?"

"काळाच."

"अक्षरं पिवळी?"

"पिवळी. जरा लिंबाकडं घे. बास. थोडी मागं."

"लिंक?"

मला निळा हवा होता. जयंतीचा निळा. प्रज्ञानं लावला आणि काळ्यावर तो मला दिसलाच नाही. तिनं अजून गडद केला, मग फिका केला. शेवटी आकाशी झाला तेव्हा वाचता आलं. तो माझा निळा नव्हता. त्या निळ्यात कुठला रंग किती टक्के, ते आकडे मला आजही पाठ आहेत, आकडे सांगितले तर कुणीही तो रंग तयार करील. फक्त तयार झालेला मला दिसणार नाही.

बाण मोठा केला, त्याला पिवळा रंग दिला. टाईप करतानाची उभी रेघ जाड केली. निवडलेली ओळ पांढरी, त्यावर काळी अक्षरं.

प्रज्ञानं मागं सरून बघितलं. "मम्मी, खरं सांगू? लई घाण दिसतंय."

मी हसले. कित्येक आठवड्यांनी. "मला माहितीये. डिझायनर आहे मी."

ती पण हसली, आणि मग एकदम म्हणाली, "हॉस्पिटलात तू माझ्याकडं बघत नव्हतीस." तेव्हा मी तिला भिंतीचं आणि डोळ्याच्या कडेचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि माऊसची वायर बोटाला गुंडाळत होती. शेवटी म्हणाली, "मग आधी सांगायचं ना." एवढंच.

एक गोष्ट आम्हाला आधी कळली नव्हती. ही थीम लावली की डेस्कटॉपवरचा फोटो जातो. मागं नुसता काळा पडदा राहतो. माझ्या डेस्कटॉपवर प्रज्ञाचा फोटो होता, दौंडला आप्पांच्या दारातला, तीन वर्षांची, लाल फ्रॉक घालून तोंडभर आंबा माखलेली. अक्षरं हवीत तर फोटो नाही, फोटो हवा तर अक्षरं नाहीत. दिवसभर मी काळ्या पडद्यावर काम करते. दुकान बंद करताना कधीकधी तीच तीन बटणं पुन्हा दाबते, थीम जाते. फोटो येतो, पांढऱ्या उजेडात धुतलेला, फ्रॉक मातकट. डोळ्यांत तिडीक जाईपर्यंत बघते आणि शटर ओढते.

जे परत आलं नाही

खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. रंगाचं काम गेलं. थीमनं पडदा बदलतो, डिझाईनमधले रंग नाही बदलत. मी प्रयत्न केले. आकड्यांवरून एक पत्रिका केली, ती बरोबर निघाली. गिऱ्हाईक खूश होतं. मला मात्र छापून आलेल्या पत्रिकेकडं बघून काहीच वाटेना. स्वयंपाक करावा आणि चव लागू नये तसं. त्यानंतर रंगाचं काम मी पुढच्या चौकातल्या दुकानाकडं पाठवायला लागले.

आता मी टायपिंग करते. अर्ज, करारनामे, शिक्षकांचे प्रबंध, ग्रामपंचायतीचे ठराव. मुद्रितशोधन करते. काळ्यावर पिवळ्यात चूक लपत नाही. काम बरं चालतं. दुकानाबाहेरून जयंतीची मिरवणूक जाते तेव्हा मी दारात उभी राहते. निळ्या गुलालात सगळा रस्ता न्हालेला असतो, हे मला ठाऊक असतं. लोकांच्या आवाजावरून मी तो निळा मनात भरून घेते, आणि तो भरत नाही.

आप्पांनी एक दिवस फोनवर लालचं विचारलं नाही. मी वाट बघत राहिले. ते म्हणाले, "आज काय वाचलंस?" मी एका करारनाम्यातला मजकूर वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. त्यानंतर ते रोज तेच विचारतात. त्यांनी लाल का सोडला ते मी विचारलं नाही. बरं वाटलं, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही, दोन्ही खरं आहे.

निरोप समारंभ

यंदा प्रज्ञाची दहावी. शाळेचा निरोप समारंभ होता. या दिवशी पोरी साड्या नेसतात. माझ्या नणंदेनं दोन साड्या पाठवल्या होत्या, आवडेल ती नेस म्हणून. सकाळी प्रज्ञा खोलीतून तयार होऊन बाहेर आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

मला ती दिसली. नुसती दिसली नाही, काठाकाठानं दिसली. काळी साडी, तिला रुंद पिवळा काठ. खांद्यावरून उतरणारा पदर, मनगट, निऱ्या, सगळं. किती उंच झाली होती ती.

मिलिंद म्हणाले, "अगं, काळी कशाला? आजच्या दिवशी?"

ती म्हणाली, "मम्मीला दिसते म्हणून."

मी तिच्याजवळ गेले. "दुसरी कुठली होती?"

"राणी कलरची."

"तुला कुठली आवडली होती?"

"हीच."

"प्रज्ञा."

तिनं मान खाली घातली. "राणी कलरची. पण ती तुला राखाडी दिसंल."

राणी रंग. मॅजेंटा भरपूर, त्यात जराशी जांभळट झाक, जरीबरोबर पेटणारा. कितीतरी पत्रिकांवर मी तो ओतला होता. सोळा वर्षांच्या पोरीच्या अंगावर तो कसा दिसतो ते मला बघायचं होतं. फार बघायचं होतं.

"जा, बदलून ये," मी म्हणाले. "मला दिसत नाही म्हणून तू सोडायचं नाही. मैत्रिणींना तर दिसंल."

ती हट्टानं उभी राहिली. मग आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. मी तिच्या निऱ्या नीट केल्या, पदराला पिन लावली. रेशीम हाताला गार लागलं. राखाडी दिसलं. मी म्हणाले, "छान दिसतेस." ती म्हणाली, "तुला काय माहीत?" आणि माझ्या गळ्यात पडली.

कोपऱ्यावर तिच्या मैत्रिणी थांबल्या होत्या. ती चालत गेली, त्यांच्यात मिसळली, आणि सगळ्या पोरी एकाच फिक्या रंगाच्या होऊन गेल्या. हसण्याचा आवाज येत होता. त्यातली माझी कुठली ते मला कळेना. मी दारात उभी राहून हात हलवत राहिले, त्या सगळ्यांनाच.